इजिप्तच्या डबीत एरंडेलाचं काजळ

कुसाबाईच्या पदराच्या टोकाला कायमची एक गाठ असायची. बाकीच्या बायका गाठीत लवंग बांधतात, तंबाखूची पुडी बांधतात. कुसाबाईच्या गाठीत पितळेची किल्ली. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू खुडायला वाकली तरी आधी ती गाठ चाचपायची, मग फुलाला हात.

"एवढी काय सोन्याची लंका हाय त्या कपाटात?" तिची सासू आक्काबाई विचारायची.

"दगडाची भांडी हायेत, आत्याबाई."

"दगडाची? आन् त्याला कुलूप? दगड काय उडून जातो व्हय गं?"

आक्काबाईला उत्तर नको असायचं, नुसतं विचारायचं असायचं. पण कुसाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. सगळ्या मळ्यात कुणाच्या सुनेकडे सरकारी दिसणारी किल्ली होती?

तशी ती सरकारी नव्हती. एक डॉक्टर होते. उभी हयात बोटींवर डॉक्टरकी केली, बंदराबंदरातून वस्तू गोळा केल्या आणि जाताना गंगापूर रोडवरचा बंगला वस्तूंसकट एका ट्रस्टच्या ओटीत टाकून गेले. त्याचं संग्रहालय झालं. पहिल्या खोलीत नाणी आणि दिवे. दुसरीत पेंढा भरलेली एक सुसर, तिच्या शेपटीतून रोज चिमूटभर पेंढा गळायचा आणि कुसाबाई रोज तो झाडायची. तिसरीत तीन नंबरचं कपाट, म्हणजे इजिप्त.

कुसाबाई त्र्याण्णव साली झाडलोटीला लागली तेव्हा संग्रहालयात माणसं दोनच. दारावर सोमा, सुरगाण्याकडचा, भातलावणीला महिनाभर गायब होणारा. आणि आत गायधनी सर. सरांचं नाव किशोर, पण तसं त्यांना त्यांच्या आईनंही हाक मारली नसेल असे ते दिसायचे. क्युरेटर तेच, कारकून तेच, शाळेच्या सहली आल्या की माहिती सांगणारेही तेच. सर बोलायला लागले की पहिला शब्द 'मुळात'. मधला शब्द 'मुळात'. आणि साडेतीन हजार वर्षांवर आले की टाचा उचलून चवड्यांवर उभे.

"मुळात, लक्षात घ्या, मुळात ही पाचही भांडी अलाबास्टरची! दगड आहे, दगड! पण बघा, मागून उजेड धरला तर कसा गाभाऱ्यातल्या समईसारखा पेटतो! हे उंच भांडं सुगंधी तेलाचं. ही ताटली लेप कालवायची. आणि हे बुटकं, पोटुशा बाईसारखं, झाकणाचं... हे काजळाचं! मुळात साडेतीन हजार," इथे टाचा वर, "वर्षांपूर्वी एक स्त्री यातलं काजळ डोळ्यांत घालत होती. ती वारली, तेव्हा हे तिच्या उशाशी ठेवलं होतं."

पोरं 'पोटुशा'ला हसायची, मास्तर डोळे वटारायचे, सहल सुसरीकडे पळायची.

सरांनी या कपाटाची किल्ली दोनदा हरवली होती. एकदा ती सापडली दह्याच्या वाटीत. तेव्हा त्यांनी हात जोडून कुसाबाईला सांगितलं, "ही तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे राहिली तर मुळात एक दिवस नाईलमध्ये वाहून जायची."

कुसाबाईनं त्याच क्षणी गाठ मारली.

तर चौऱ्याण्णवची दिवाळी. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी कपाट आतून पुसायचं, असा तिचा नेम. दुपारची वेळ, सर ट्रस्टच्या बैठकीला, सोमा दारात बिडी ओढत. तिनं भांडी एकेक करून, दोन्ही हातांनी, जुन्या धुवट लुगड्याच्या पट्टीवर उतरवली. बुटकं भांडं लिंबाएवढं. त्याचं चपटं झाकण निघतं हे तिला ठाऊक होतं, पण आजवर तिनं ते काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं.

आत काहीच नव्हतं. तळाला नुसता काळा, खडबडीत डाग.

काजळाची डबी रिकामी ठेवायची नसते. कुंकवाचा करंडा असो, काजळाची डबी असो, संपत आली की 'संपली' असंही म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं आणि सांजेच्या आत भरायची. आक्काबाईनं तिला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला हे शिकवलं होतं, आणि बरोबर काजळ पाडायलाही. एरंडेलाचा दिवा, वातीवर कापराची चिमूट, वर पितळेचं ताट उपडं, काजळी धरली की विड्याच्या पानानं खरवडून ताज्या तुपात मळायची. घरात लहान मूल नसलं तरी दर दिवाळीला हे व्हायचंच.

आणि ही बाई? मेल्यावरही उशाशी डबी घेऊन गेलेली. सवाष्णच गेली असणार बिचारी, नाहीतर काजळ कशाला दिलं असतं बरोबर? कुणी तिची डबी उकरून काढली, कुणी विकली, डॉक्टरांनी घेतली, नाशकात आणून काचेत ठेवली आणि वर्षानुवर्षं रिकामी! घरोघरी दिवे लागणार, आणि हिची डबी अशी.

कुसाबाईच्या पिशवीत तिची डबी होती, आदल्या संध्याकाळचं काजळ. तिनं आगकाडीच्या टोकावर घेतलं, ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि दगडाच्या पोटात ठेवलं. झाकण लावलं. "घे बाई," म्हणाली. दारातून सोमा ओरडला, "कोणाशी बोलता हो कुसामावशी?"

"सुसरीशी."

"काय म्हणती?"

"सोमाला बिडी सोड म्हणती."

पुढच्या दिवाळीला परत दाणाभर. त्याच्या पुढच्या दिवाळीला परत. आपण काही वावगं करतोय हे तिच्या मनाला शिवलंही नाही. देवापुढे दिवा लावताना माणूस कुणाला विचारतो का? अशा आठ दिवाळ्या गेल्या.

दोन हजार दोनच्या सुरुवातीला पुण्याहून संध्या मॅडम आल्या. जुन्या भांड्यांत उरलेल्या अंशांचा त्यांचा अभ्यास. तोंडावर पट्टी, हातात पातळ मोजे, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द इस्त्री करून घडी घातलेला. "जरा बाजूला होता का, मावशी? श्वाससुद्धा लागायला नको."

कुसाबाईनं कुलूप उघडून दिलं आणि पदर तोंडावर धरून उभी राहिली. मॅडमनी झाकण उचललं, टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "अरे वा. बरंच शिल्लक आहे."

"मुळात मी कधी उघडूनच पाहिलं नाही," सर म्हणाले. "मुळात उघडायची हिंमतच झाली नाही!"

मॅडमनी बारक्या चमच्यानं वरवरचा खरवडा घेतला, काचेच्या नळीत घातला. कुसाबाईला तेव्हा एकदा वाटलं, सांगावं. पण काय सांगावं? दोन शिकलेली माणसं डोक्याला डोकं लावून दगडात बघत होती. मध्येच आपण काजळाचं काय बोलायचं? गप्प बसली. हे गप्प बसणं तिला पुढं फार नडलं.

जूनमध्ये पुण्याहून पाकीट आलं. सरांनी ते उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, मग सोमाला पेढे आणायला पिटाळलं. सुसरीच्या खोलीत तिघंच जण, पण सर असे बोलले की समोर हजार माणसं असावीत.

"ऐका! इजिप्तच्या काजळात मुळात शिशाचं खनिज असतं. सगळीकडे! आणि आपल्या भांड्यात काय सापडलं? दिव्याची काजळी! एरंडेल! तूप! तूप हो, तूप!"

कुसाबाईनं पेढा तोंडात टाकला होता.

"आणि शेवटचं ऐका." टाचा वर. "कापूर! आता मला सांगा, कापूर नाईलच्या काठी कुठून आला? पूर्वेकडून! आपल्याकडून गेला! मुळात ती बाई आपल्या बायकांसारखं काजळ पाडत होती!"

"पाडत असंल की," सोमा बोटं चाटत म्हणाला. "बाया सगळीकडं सारख्याच."

"वा, सोमा! तू एका वाक्यात माझा निबंध सांगितलास!"

कुसाबाई खोकायला लागली, तर सरांनी स्वतः पाणी आणून दिलं. "सावकाश, सावकाश. आनंद मलाही झेपत नाहीये, कुसाबाई. आणि यात तुमचा वाटा आहे बरं का! नऊ वर्षं तुम्ही ते कपाट सांभाळलंत. भाषणात मी तुमचं नाव घेणार."

ती पाणी प्यायली. त्या पाण्याबरोबर जमिनीत जिरता आलं असतं तर ती जिरली असती.

नंतरचे दोन महिने सर हवेत. श्रावणातल्या रविवारी संग्रहालयाच्या मागच्या हॉलमध्ये व्याख्यान ठरलं: 'नाईल ते गोदावरी'. पत्रिका छापल्या. पुण्याहून संध्या मॅडम यायच्या होत्या. त्यांचं पत्रही आलं होतं, सरांनी ते कुसाबाईसमोरच वाचलं: 'नमुना फार थोडा होता, वय ठरवता आलेलं नाही, कृपया घाई करू नये, दुसरा नमुना घेऊ.' सर हसले. "पुण्याची माणसं! मुळात वरण खातानासुद्धा म्हणतील, दुसरा नमुना घेऊ."

सहल आली की कुसाबाई मागच्या अंगणात पळायची. पण सरांचा आवाज खिडकीतून यायचाच: "...आणि कापूर!" दर वेळी तिला वाटायचं, आता पोरं वळून आपल्याकडं बघणार. घरी आक्काबाईनं ओळखलं.

"तोंड का वाळलंय गं तुझं?"

"काय नाय."

"काय नाय तर भाकरीशी भांडण हाय का?"

शेवटी कुसाबाईनं सांगितलं. आक्काबाई, ऐंशीच्या घरातली, बराच वेळ लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "घातलंस ते काय पाप नाय. रिकामी डबी बघून मीबी घातलं असतं. पण तो माणूस उद्या चार लोकांत उभा राहून तुझं काजळ तिचं म्हणून सांगणार. आन् तू ऐकणार. ते बघ बाई तुझं तू."

शनिवारी सकाळी कुसाबाई झाडू न घेताच आत गेली. सर सुसरीसमोर उभे राहून भाषणाची तालीम करत होते. "मान्यवर," सुसरीला म्हणत होते, "मुळात..."

"सर."

"या या! कसं वाटतं सांगा. 'मुळात संस्कृती ही काजळासारखी पसरते.' बरं आहे ना?"

"सर, खुर्च्या किती लावायच्या?" तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"पन्नास."

ती बाहेर गेली, सोमाला पन्नास सांगितलं, परत आली.

"सर."

"हं?"

"च्या किती जणांचा?"

"कुसाबाई, पन्नास खुर्च्यांवर पन्नासच माणसं बसतील की!"

तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. पिशवीतून आपली काजळाची डबी काढली आणि सरांच्या कागदांवर ठेवली. "याचा वास घ्या."

सरांनी हसतहसत घेतला. परत घेतला. हसू तोंडावरच होतं, पण त्यातला माणूस निघून गेला होता.

"एरंडेल," ते म्हणाले.

"व्हय. तूप बी. आन् कापूर. आमच्याकडं असंच पाडतेत." तिची नजर सुसरीच्या पायांवर. "त्या भांड्यातलं माझं हाय, सर. म्या घातलं."

"कधी?"

"दिवाळीला."

"कोणत्या दिवाळीला?"

"आठ दिवाळ्या."

सर टेकले. सुसरीच्या चौथऱ्यावरच टेकले, पेंढ्यात. "का पण? का?"

"रिकामी होती."

एवढंच उत्तर होतं तिच्याकडं. दोन महिने तिनं मोठमोठी उत्तरं जमवली होती, बाईची, सवाष्णीची, आत्याबाईची. ऐनवेळी एवढंच निघालं आणि ते फार बावळट वाटलं.

"जूनमध्ये का नाही सांगितलंत? पेढे वाटले तेव्हा?"

"तुम्ही लय खुशीत होतात."

सरांनी डबी कागदांवरून उचलून बाजूला ठेवली. एकदाही 'मुळात' म्हणाले नाहीत. मग हात पुढं केला, तिच्याकडं न बघता. "किल्ली द्या."

कुसाबाईनं पदराचं टोक धरलं. गाठ सकाळपासून ओढून ओढून दगड झालेली, सुटेना. नखं लावली, सुटेना. सर हात तसाच धरून खिडकीबाहेर बघत होते. शेवटी तिनं गाठ दातात धरली. म्हातारं जनावर दावं चावतं तशी आपण दिसत असू, असं तिला वाटलं. कापड टर्रकन फाटलं आणि किल्ली फरशीवर वाजली. तिनंच उचलून दिली.

रविवारी व्याख्यान झालं. रद्द करायची सोय नव्हती, पत्रिका नाशिकभर गेल्या होत्या. कुसाबाईनं न येण्याचं ठरवलं होतं, पण चहा कोण देणार? ती मागच्या दारात मोठा ट्रे घेऊन उभी राहिली.

सर उभे राहिले. टाचा जमिनीवर. "आज जे सांगणार होतो, ते चुकीचं निघालं," म्हणाले. "भांड्यात सापडलेला वरचा थर अलीकडचा आहे. निष्काळजीपणा माझा. कपाटाची जबाबदारी माझी होती, संध्या मॅडमनी थांबायला सांगितलं होतं, मी थांबलो नाही." कुणाचं नाव नाही. कुणाकडं बोटही नाही.

हॉलमध्ये कुजबूज झाली. पहिल्या रांगेत ट्रस्टचे एक वकील बसले होते, पोटावर हात ठेवून. ते खाकरले. "म्हणजे गायधनी, आम्ही असं समजायचं का, की काजळ आपणच घालता? रोज घालता की सणासुदीला?"

हशा पिकला. सर मान खाली घालून उभे. कानाच्या पाळ्या लाल. ज्यांच्यापुढं ती नऊ वर्षं भांडी उतरवून ठेवत आली, ते सर पन्नास माणसांत आपल्या काजळानं काळे झालेले तिला दिसले.

"म्या घातलं!"

आवाज फारच मोठा निघाला. ट्रेमधले कप खणखणले. पन्नास माना वळल्या. पुढचं बोलायचं तिनं ठरवलेलंच नव्हतं. "सरांना ठावं नव्हतं. किल्ली माझ्याकडं होती. म्या घातलं, दिवाळीला." आणि मग, का कोण जाणे, "च्या गार व्हतोय."

आता कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. तिनं पहिला कप वकिलांनाच दिला. अर्धा चहा बशीत.

सगळे गेल्यावर संध्या मॅडम तिच्याकडं आल्या. कुसाबाई भिंतीला टेकली. आता ह्या इस्त्रीच्या आवाजात काय ऐकावं लागणार! मॅडमनी वही काढली. "मावशी, कापूर किती घालता?"

"चिमूट."

"तूप गाईचं?"

"म्हशीचं."

मॅडम लिहीत होत्या. "मी खालच्या जुन्या थरापर्यंत जायला हवं होतं. चूक माझीही आहे."

एवढं चांगलं कुणी बोलू नये, असं कुसाबाईला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर घरी जाऊन रडता तरी आलं असतं.

वरचा थर काढायचा की नाही यावर पुण्याला पत्रं गेली, आली. मॅडमचं म्हणणं पडलं, काढायला गेलं तर खालचा जुना डागही निघायचा, राहू द्या. मग कपाटात सरांच्या अक्षरात नवी चिठ्ठी लागली. कुसाबाई तिसरी शिकलेली. बोट ठेवून तिनं वाचली: 'आतील वरचा थर: एरंडेलाचे काजळ, नाशिक, १९९४ ते २००१.' नाव नव्हतं. तरी तिनं दोन्ही बाजूंना बघितलं, कुणी वाचताना बघितलं का.

नोकरी गेली नाही. सुसरीचा पेंढा झाडायचा, काच बाहेरून पुसायची. किल्ली सरांच्या गळ्यात, जानव्याला बांधलेली. आता काही ती दह्यात पडली नाही. सहली यायच्या, सर माहिती सांगायचे, काजळापाशी आले की त्यांचा आवाज उतरायचा आणि ते पटकन तेलाच्या भांड्याकडं वळायचे. तो उतरलेला आवाज कुसाबाईला रोज ऐकू यायचा. आणि कधीकधी काच पुसताना वाटायचं, काही झालं तरी हिची डबी आता रिकामी नाही. बरं वाटायचं. मग त्या बरं वाटण्याचीच अशी लाज वाटायची की फडकं पिळायच्या निमित्तानं ती मागं निघून जायची.

दोन हजार नऊच्या दिवाळीला तिची नोकरी संपली. शेवटच्या दिवशी दुपारी सरांनी हाक मारली. तीन नंबरचं कपाट सताड उघडं होतं. सात वर्षांत आतल्या फळीवर बोटभर धूळ बसली होती.

"पुसा," सर म्हणाले.

कुसाबाईनं फडकं घेतलं. उंच भांडं सरकवलं, ताटली उचलली, फळीचा एक कोपरा पुसला, दुसरा पुसला. बुटक्या भांड्यापाशी हात थांबला.

"तेवढं तुम्हीच उचला, सर."

"अहो, मला कुठं जमतं. माझे हात..."

"जमतंय. दोन्ही हातांनी धरा. झाकणाला अंगठा लावा."

सरांनी जीव मुठीत धरून उचललं. खिडकीतला उजेड दगडात शिरला, आणि मध्ये तळाशी काळा ठिपका दिसला, ज्वारीच्या आठ दाण्यांएवढा.

"मुळात," सर म्हणाले आणि थांबले.

"हलू नका," कुसाबाई म्हणाली, आणि त्याच्याखालची धूळ पुसून घेतली.